मास्टर विनायक यांच्यावर तासभर बोलायचं असेल तर

गणपतीतल्या व्याख्यानासाठी, वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी कुणी मास्टर विनायक हा विषय घेतला, की आमच्या कोल्हापुरात सुरुवात ठरलेली असते. ते अभिनेत्री नंदाचे वडील. दीनानाथ गेल्यावर मंगेशकर कुटुंबाला त्यांनी आधार दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगायलाच हव्यात. पण सुरुवातच या गोष्टींनी केली की विनायकराव कुणाचे तरी वडील आणि कुणाचे तरी आधार होऊन बसतात, आणि दिग्दर्शक विनायकांसाठी शेवटची पाच मिनिटं उरतात. मराठी बोलपट नुकता बोलायला लागला होता तेव्हा त्याला हसवायला शिकवणारा हा माणूस. त्याच्या गावात तरी त्याचं काम आधी सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

मी कोल्हापुरात टॉकीजला ऑपरेटर होतो, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचो. कार्बनच्या मशीनवर शिकलो, पुढं कार्बन जाऊन झेनॉनचे दिवे आले तेही चालवले. मॅटिनीला जुने मराठी पिक्चर लागायचे. केबिनच्या झरोक्यातून पडदा दिसतो तसे प्रेक्षकांचे खांदेही दिसतात, आणि विनोद बसला की नाही ते खांदे लगेच सांगतात. हल्ली पोरं-पोरी असा विषय घेऊन माझ्याकडं येतात. त्यांना मी जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितो आहे.

आधी चार नावांचा कागद करा

विनायकरावांचं आयुष्य तारखांच्या रांगेत पाठ करू नका, ध्यानात राहत नाही. कागदावर चार सिनेमा कंपन्यांची नावं लिहा: कोल्हापूर सिनेटोन, हंस, नवयुग, प्रफुल्ल. एकेका नावाखाली त्या काळातले पिक्चर मांडा. बारा वर्षांची सगळी कारकीर्द त्या एका कागदावर येते.

या चार खणांच्या आधी एक छोटी ओळ हवी. जन्म १९ जानेवारी १९०६, कोल्हापूर. आडनाव कर्नाटकी. भालजी आणि बाबूराव पेंढारकर अगदी जवळच्या नात्यातले, शांतारामबापूही नात्यातलेच. भाऊ वासुदेव कर्नाटकी कॅमेरामन. म्हणजे ज्या घरांमध्ये जेवताना सुद्धा सिनेमाच निघायचा, त्या गोतावळ्यात हा मुलगा वाढला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला तेव्हा विनायक चौदा वर्षांचे होते. १९२९ साली याच गावात प्रभात कंपनी उभी राहिली, आणि तिच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात विनायकरावांनी नारदाचं काम केलं.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. इथून आपला कागद सुरू होतो. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३५ साली त्यांनी ‘विलासी ईश्वर’ केला, ते त्यांचं पहिलं दिग्दर्शन. कथा मामा वरेरकरांची, आणि शोभना समर्थांचा हा पहिला पिक्चर. पुढच्याच वर्षी बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांना बरोबर घेऊन विनायकरावांनी हंस पिक्चर्स काढली. एक दिग्दर्शक, एक कसलेला नट, एक कॅमेरामन. भागीदारी कुणाची होती हे व्याख्यानात जरूर सांगा, कारण हंसचे पिक्चर बघताना हे तिन्ही हात वेगवेगळे ओळखता येतात.

हंसच्या खणात ‘छाया’ (१९३६), ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ (१९३७), ‘ज्वाला’ आणि ‘ब्रह्मचारी’ (१९३८), ‘देवता’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९), ‘अर्धांगी’ (१९४०) लिहा. नवयुगच्या खणात ‘लग्न पहावे करून’ (१९४०), ‘अमृत’ (१९४१), ‘सरकारी पाहुणे’ (१९४२). प्रफुल्लच्या खणात आणि त्यानंतर ‘बडी माँ’ (१९४५), ‘सुभद्रा’ आणि ‘जीवनयात्रा’ (१९४६), शेवटी ‘मंदिर’. १९ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्य मिळून चार दिवस होताहेत तोवर विनायकराव मुंबईत वारले. वय एक्केचाळीस. ‘मंदिर’ दिनकर द. पाटलांनी पुरा केला आणि तो १९४८ मध्ये लागला.

एक काळजी घ्या. त्यांनी दिग्दर्शित केलेले, त्यांनी नुसतं काम केलेले आणि त्यांच्या संस्थेनं काढलेले पिक्चर वेगवेगळ्या शाईनं लिहा. याद्यांमध्ये हे तिन्ही हमखास मिसळलेले असतात. नवयुगचा ‘पहिली मंगळागौर’ किंवा प्रफुल्लचा ‘गजाभाऊ’ लताबाईंच्या निमित्तानं सारखे बोलण्यात येतात आणि ऐकणारा ते विनायकरावांचंच दिग्दर्शन समजून बसतो. संस्था आणि दिग्दर्शक या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की अर्धे वाद मिटतात.

मग लेखकांची खूण करा

त्याच कागदावर प्रत्येक पिक्चरपुढं लेखकाचं आद्याक्षर घाला. अ म्हणजे अत्रे, खां म्हणजे खांडेकर, जो म्हणजे चिं. वि. जोशी. धर्मवीर, प्रेमवीर, ब्रह्मचारी, ब्रँडीची बाटली, अर्धांगी: अ. छाया, ज्वाला, देवता, अमृत: खां. लग्न पहावे करून आणि सरकारी पाहुणे: चिमणराव-गुंड्याभाऊंचे, म्हणून जो.

कागद लांबून बघा. एकाच वर्षात अ आणि खां शेजारी शेजारी बसलेले दिसतात. १९३८ मध्ये ‘ज्वाला’ आणि ‘ब्रह्मचारी’, १९३९ मध्ये ‘देवता’ आणि ‘ब्रँडीची बाटली’. खांडेकर गंभीर, ध्येयवादी, समाजाच्या दुःखानं कळवळणारे. अत्रे आडदांड, ढोंगावर तुटून पडणारे. दोघांनाही एकच दिग्दर्शक, एकच कंपनी, बरेचसे तेच नट. विनोद म्हणजे हलकं काम आणि खरी कला म्हणजे रडवणारी, असा भेद या माणसानं ठेवलेला दिसत नाही. ‘धर्मवीर’ची कल्पना तर अत्र्यांनी नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या नाटकावरून घेतली होती, म्हणजे समाजाचे खांब म्हणवणाऱ्यांची पोकळी हा गंभीर विषय आणि मांडणी हसरी. माझ्या मते विनायकरावांना समजून घ्यायची किल्ली हीच आहे, आणि व्याख्यानाचं पहिलं वाक्य इथूनच काढावं.

खांडेकर शिरोड्याहून १९३८ साली कोल्हापूरला राहायला आले. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. तयारी करणाऱ्यानं तिथं एक दुपार घालवावी. पटकथा लिहिणारा खांडेकर आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटत नाही.

पिक्चर बघायच्या आधी टीव्ही नीट लावा

पोरं मोबाईलवर बघतात आणि म्हणतात, जुन्या पिक्चरमध्ये सगळे घाईघाईनं बोलतात, माणसं जाडी दिसतात, मधेच उड्या मारतं. यातलं बरंचसं विनायकरावांनी केलेलं नाही, आपल्या प्रतीनं केलेलं आहे. म्हणून बघण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, चौकट. त्या काळच्या बोलपटाचं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं, चार रुंद तर तीन उंच. आजचा टीव्ही सोळा बाय नऊ. टीव्हीनं चित्र ताणलं की चेहरे पसरतात; कापून भरलं की कपाळं आणि पाय जातात. विनोदी नटाचे पाय जाणं म्हणजे निम्मा नट जाणं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चार बाय तीन निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत.

दुसरी, वेग. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेमनी, चालतो. टीव्हीसाठी उतरवलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्रती २५ नं उतरवल्या गेल्या. त्यामुळं शंभर मिनिटांचा पिक्चर शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाज जरा चढा लागतो. रडक्या प्रसंगात हे खपून जातं, विनोदात खपत नाही, कारण विनोद सेकंदाच्या तुकड्यावर उभा असतो. पिक्चरची लांबी फुटात कुठं मिळाली, सेन्सॉरच्या दाखल्यावर ती असते, तर तिला ९० नं भागा. मिनिटं मिळतात. तुमची प्रत तेवढ्यात बसत नसेल आणि चार टक्क्यांचाच फरक असेल, तर प्लेअरमधला वेग ०.९६ करा आणि तोच प्रसंग पुन्हा बघा. अंतर कळेल.

तिसरी, उड्या. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. रीळ संपायच्या आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, ती ऑपरेटरला दुसरं मशीन सुरू करायची खूण. साताठ सेकंदांनी दुसरा ठिपका, तो चेंजओव्हरचा, म्हणजे पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर जायचा. रिळाचं तोंड आणि शेपूट यांनाच सगळ्यात जास्त मार बसतो. गावोगाव फिरलेल्या प्रिंटमध्ये तिथं तुटतं, ऑपरेटर कापून जोड मारतो, पुन्हा तुटतं, पुन्हा जोड. प्रत्येक जोडाला काही चौकटी जातात. म्हणून दर अकरा किंवा बावीस मिनिटांच्या आसपास एखादं वाक्य अर्धवट तुटलं, तर तिथं दिग्दर्शकाला बोल लावू नका. वहीत वेळ लिहून ठेवा आणि तो प्रसंग व्याख्यानात दाखवायला घेऊ नका.

आता घड्याळ घेऊन बसा

हा भाग घाईत करू नका. तासभराच्या बोलण्याचा जीव इथं आहे.

नाटकात विनोदी वाक्य पडलं, प्रेक्षक हसले, की नट थांबतो. हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. दामुअण्णा मालवणकरांसारखे नट रंगभूमीवरून आलेले, त्यांच्या अंगात हे थांबणं मुरलेलं. पण पडद्यावरचा नट थांबू शकत नाही. तो कॅमेऱ्यासमोर बोलून मोकळा झालेला असतो, आणि हशा सहा महिन्यांनी कुठल्या तरी गावच्या टॉकीजमध्ये येणार असतो. मूकपटात ही अडचण नव्हती, कारण हशात बुडायला संवादच नव्हता. बोलपट आला आणि ही नवी पंचाईत आली. तेव्हा नटाच्या वतीनं दिग्दर्शकानं थांबायचं. हशा किती मोठा येईल याचा अंदाज शूटिंगच्या वेळीच घ्यायचा आणि तेवढी जागा चित्रात सोडायची. जागा कमी सोडली तर पुढचं वाक्य हशात बुडतं. जास्त सोडली आणि हशा कमी आला, तर पडद्यावर भोक पडल्यासारखं वाटतं.

मग सोडलेली जागा भरायची कशानं? तुम्हाला हेच शोधायचं आहे. ‘ब्रह्मचारी’ किंवा ‘लग्न पहावे करून’ लावा. प्रत्येक हसऱ्या वाक्यानंतर घड्याळ बघा आणि पुढचं वाक्य येईपर्यंतचे सेकंद लिहा. त्या सेकंदांत पडद्यावर काय चाललंय ते शेजारी लिहा: ऐकणाऱ्याचा चेहरा, कुणी टोपी सारखी करतंय, कुणी दाराकडं वळतंय, नुसती नजर. दामुअण्णांची तिरळी नजर प्रसिद्ध होती. ते कुणाकडं बघताहेत हे समोरच्याला कळत नाही, आणि दिग्दर्शकाला त्या नजरेसाठी जागा ठेवायची असते. एका पिक्चरची अशी वही झाली की तुम्हाला विनायकरावांबद्दल जे कळलेलं असेल ते कुठल्याही लेखात मिळणार नाही.

दुसरी खूण चौकटीत माणसं किती आहेत याची. सुरुवातीच्या बोलपटात मायक्रोफोन जड, आवाज तिथंच चित्रासोबत नोंदायचा, त्यामुळं नटांना माइकच्या टप्प्यात जवळजवळ उभं करावं लागे. ही अडचण विनोदी दिग्दर्शकाला फळते. बोलणारा आणि ऐकणारा दोघं एकाच चौकटीत राहतात, आणि पुष्कळदा हसू ऐकणाऱ्यावर येतं. कुठं दोघांना एकत्र ठेवलंय आणि कुठं कापून एकट्याचा चेहरा दाखवलाय, याची वेगळी खूण करा.

हेही ध्यानात ठेवा, की हंसचे बरेच पिक्चर मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघायचे. ‘ब्रँडीची बाटली’ हिंदीत ‘ब्रँडी की बोतल’ झाली, ‘अर्धांगी’ची ‘घर की रानी’. नटांना तोच विनोद दोन भाषांत करायचा. दोन्ही प्रती हाताला लागल्या तर एकच प्रसंग दोन्हींत बघा आणि सेकंद ताडून पाहा. मराठी वाक्याची लांबी हिंदीत बदलते, मग थांबण्याची जागाही हलते.

तीन पिक्चर, तीन वेगळे विनोद

तासाभरात सगळं दाखवता येत नाही. मी तीन निवडायला सांगतो.

‘ब्रह्मचारी’ला विनायकराव स्वतः नायक, औदुंबर. एक भाषण ऐकून हा तरुण ब्रह्मचर्याचा निश्चय करतो, खोलीतली सिनेनट्यांची चित्रं काढून टाकतो आणि एका आश्रमासारख्या संस्थेत जाऊन राहतो. तिथं किशोरी येते, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर, त्यांचाही हा पहिलाच पिक्चर. पोहण्याच्या पोशाखातलं ‘यमुनाजळी खेळू खेळ’ हे गाणं आजही लोकांच्या तोंडी आहे, चाल दादा चांदेकरांची. सभागृहात या गाण्याबद्दल हमखास विचारतात. ते एकटं कापून दाखवू नका. त्याच्या आधी औदुंबराच्या निश्चयाचा प्रसंग दाखवा. मग कळतं की गाण्यातला विनोद तळ्यातल्या मुलीवर नाही, काठावरच्या माणसाच्या फसव्या निग्रहावर आहे. १९३८ च्या मराठी घरांत हे केवढं धाडस होतं, ते तेव्हाच पोचतं.

‘ब्रँडीची बाटली’त विनायकरावांनी दामुअण्णांना पुढं केलं. नगरपालिकेतला बुजरा कारकून बगाराम, ज्याला ब्रँडी म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तो प्रेमापोटी बाटली मिळवायला निघतो. मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळानं दारूबंदी लागू केली ती ऑगस्ट १९३९ मध्ये, आणि पिक्चर त्याच वर्षीचा. हा संदर्भ आधी सांगा, नाहीतर तरुणांना ती नुसती बावळटाची फजिती वाटते. देखणा नायक दिग्दर्शक स्वतःच असताना त्यानं एका तिरळ्या, अघळपघळ नटाच्या खांद्यावर अख्खा पिक्चर टाकला, याचं मला फार अप्रूप आहे. ज्याच्यामुळं प्रेक्षक जास्त हसेल त्याला पुढं करायचं, एवढा साधा हिशेब होता, पण तो हिशेब करायला मन मोठं लागतं.

‘लग्न पहावे करून’ चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचं. आज पन्नाशी-साठीतल्या माणसांना चिमणराव म्हणजे दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात. त्यांच्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं दामुअण्णा चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ होऊन गेले. इथं अत्र्यांसारखा हल्ला नाही. बहिणीच्या लग्नाच्या खटपटी, मध्यमवर्गीय घराची तारांबळ, जवळच्या माणसांबद्दलची माया. ब्रह्मचारीनंतर लगेच यातला प्रसंग लावला की दिग्दर्शकानं चाल कशी बदलली ते न सांगता कळतं.

युद्धाचा काळ आणि मंगेशकर

१९४२ नंतर कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला. सरकारनं पिक्चरच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली, म्हणजे दोन तास दोन मिनिटं, आणि पुढं फिल्मसाठी परवाना लागू लागला. प्रफुल्ल पिक्चर्स या दिवसांतली संस्था. याच काळात, २४ एप्रिल १९४२ ला मास्टर दीनानाथ गेले. नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये लताबाईंनी छोटं काम केलं आणि गाणं म्हटलं. पुढं त्या प्रफुल्लमध्ये आल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि १९४५ मध्ये कंपनीबरोबर मुंबईला गेल्या. ‘बडी माँ’त नूरजहाँ होत्या आणि लताबाईही. हा भाग बोलण्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात घ्या. तोवर ऐकणाऱ्याला ठाऊक झालेलं असतं की त्या मुलीला काम देणारा माणूस स्वतः काय तोलामोलाचा होता. मग ती मदत नुसती दया वाटत नाही. नोकरी, शिकणं आणि पगार देणारी एक चालती कंपनी त्यामागं होती, हे दिसतं.

गावात काय बघावं

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांच्या कामाची आठवण. तिथून सुरुवात करा. जयप्रभा स्टुडिओ बाहेरून तरी बघा. भालजींचा हा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत जळला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. रंकाळ्याकडं जाताना शालिनी सिनेटोनची जागा कुठं होती ते एखाद्या जुन्या माणसाला विचारून घ्या. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. तिथं जुन्या नियतकालिकांची चौकशी करा आणि सिनेमाच्या जाहिराती बघा. जाहिरातीत पिक्चर कुठल्या टॉकीजला लागला, कितवा आठवडा चालू आहे, हे छापलेलं असतं. आठवणींत वर्षं सरकतात, छापलेल्या जाहिरातीची तारीख सरकत नाही. अत्र्यांनी आणि शांतारामबापूंनी आत्मचरित्रं लिहिली आहेत, तीही वाचा, पण प्रत्येकजण आपल्या बाजूनं लिहितो. दोघांनी सांगितलेली गोष्ट जुळली तर घ्या. नाही जुळली तर कोण काय म्हणतो ते नावानिशी सांगा.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं तर “तुम्हाला मास्टर विनायक आठवतात का?” असं विचारू नका. त्यांना पाहिलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत आणि असा प्रश्न टाकला की समोरचा ऐकलेलंच सांगतो. “काका, तुमच्या घरात स्टुडिओत कामाला कोण होतं?” असं विचारा. कोल्हापुरात या प्रश्नाला उत्तर निघतं. सुतार, शिंपी, रंगारी, मेकअपमन, एक्स्ट्रा, घोडेवाले, कुणी ना कुणी असतंच. मग घरातला जुना फोटो बाहेर येतो. फोटोचा मोबाईलवर नीट उजेडात फोटो घ्या आणि त्यातली नावं त्यांच्याच समोर लिहून घ्या.

सभागृहात

लांबलचक तुकडे नकोत. तीन पिक्चरचे तीन प्रसंग, एकेक चार-पाच मिनिटांचा. प्रसंगाआधी एक मिनिट बोला, प्रसंग चालू असताना अजिबात बोलू नका. लोक हसत असताना तर नाहीच. दिग्दर्शकानं ती जागा प्रेक्षकांसाठी सोडली आहे, वक्त्यासाठी नाही.

खुर्च्या जवळजवळ लावा. मोठ्या हॉलमध्ये चाळीस माणसं विखरून बसली की हसू पसरत नाही. मागच्यांना विनंती करून पुढं आणा. आवाजाला मंडळाचे बेसचे बॉक्स लावू नका. जुन्या आवाजात खालचे सूर फारसे नसतात, नुसती घरघर वाढते. पडद्याच्या मधोमध, कानाच्या उंचीला एकच चांगला स्पीकर ठेवा, बेस उतरवा आणि संवाद शेवटच्या रांगेत बसून स्वतः ऐकून बघा. पंखे जोरात असतील तर ते दहा मिनिटं मंद करा.

हक्कांची चौकशी आधी करा. आपल्याकडं चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांचा, पण लेखकाचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा, आणि अत्रे १९६९ साली गेले. शिवाय प्रत कुणाकडून आणली त्याच्या अटी असतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुने पिक्चर जपायचं काम करतं. त्यांना पत्र लिहून विचारा, लेखी उत्तर जवळ ठेवा.

आणि डबा निघाला तर

अशा कार्यक्रमानंतर कधीतरी कुणीतरी येऊन सांगतं, आमच्या माळ्यावर आजोबांचा पत्र्याचा गोल डबा आहे. इथं फार जपून वागा. १९५० च्या सुमारापर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते. ती झपाट्यानं पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही. डब्याजवळ विडी-सिगारेट, देवाचा दिवा, गॅस काही नको. उन्हात ठेवू नका. “बघूया तरी” म्हणून रीळ उलगडू नका, मशीनवर तर मुळीच चढवू नका. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं दिसलं तर आगीची भीती कमी, पण ती फिल्मही कुजते आणि व्हिनेगरसारखा आंबट वास मारते. नायट्रेट कुजली की तपकिरी, चिकट होते, शेवटी भुकटी होते. डब्यावरचं लेबल, त्यावरचा आकडा, गंज किती आहे, एवढ्याचे फोटो काढा आणि ते पुण्याच्या संग्रहालयाला पाठवून सल्ला मागा. डबा एसटीच्या पार्सलात किंवा कुरिअरला देऊ नका. संग्रहालय सांगेल तशीच ने-आण करा, आणि तोवर तो राहत्या खोल्यांपासून दूर, गार आणि वारा खेळता असेल अशा जागी ठेवायला घरच्यांना सांगा.